परिषदेहून आल्यावर तुम्ही काय करणं बंद केलं? (स्पीच थेरपिस्ट, पालक, घरचे, सगळ्यांसाठी धागा)

रवाळ

परवा स्पीच थेरपिस्टांच्या राष्ट्रीय परिषदेहून परत आले. तीन दिवस, एकाच वेळी पाच हॉलमध्ये सत्रं, मधल्या लॉबीत पोस्टर, त्यामुळे एक ऐकलं की चार हुकतात हे ठरलेलंच. आल्यापासून सगळे विचारतायत की नवीन काय शिकलीस, आणि मला त्याचं उत्तर धड देता येत नाहीये, कारण माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर जी यादी झालीय तिचं शीर्षक "बंद करायचं" असं आहे. चौदा वर्षं या कामात आहे, दर दोन-तीन वर्षांनी परिषदेला जाते, पण ही यादी एवढी मोठी कधी झाली नव्हती. म्हणून हा धागा.

पहिलं घट्ट पाण्याचं सांगते. स्ट्रोकनंतर किंवा पार्किन्सन्समध्ये गिळायला त्रास होतो, पाणी पिताना ठसका लागतो, मग आम्ही (गिळण्याचं कामही स्पीच थेरपिस्टकडेच येतं) पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायला सांगतो म्हणजे ते घशातून हळू उतरतं आणि श्वासनलिकेत जायची शक्यता कमी होते. किती घट्ट, याच्या पातळ्या इड्सी या आंतरराष्ट्रीय मोजणीत, जेवणाच्या धरून, ० ते ७ अशा ठरलेल्या आहेत. हे सगळं मला पाठ होतं. पण कार्यशाळेत प्रत्येकाच्या हातात १० मिलीची सिरिंज दिली आणि म्हणाले मोजा. नोझलवर बोट धरायचं, १० मिलीपर्यंत भरायचं, बोट काढायचं, बरोबर १० सेकंदांनी परत बोट लावायचं आणि आत किती उरलं ते बघायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर ३. आमच्या टेबलावर सहा जण, सगळ्यांना एकच डबा, डब्यावरची सूचना एकच, सगळ्यांना पातळी २ करायची होती, आणि निघाल्या तीन वेगवेगळ्या पातळ्या. मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आता सिरिंजच मोजा. ० पासून १० मिलीपर्यंतची पट्टी ६१.५ मिलिमीटर लांब असायला हवी, आमच्यातल्या दोन सिरिंजा त्या मापाच्या नव्हत्याच. पंधरा मिनिटांनी तेच पेले परत मोजले तर स्टार्चच्या पावडरीचे आणखी घट्ट झालेले.

मी इतकी वर्षं चमच्यावरून कसं ओघळतं ते बघून घरच्यांना "हां, एवढं बरोबर आहे" असं सांगत आले. ते बंद.

कडेकडेने

चांगला धागा, पण एक स्पष्ट लिहितो. परिषदेला अर्धे लोक पॉइंट्ससाठी येतात, त्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही म्हणून. कार्ड स्कॅन केलं की हॉलच्या मागच्या दाराने बाहेर. मी स्वतः बावीस वर्षं बघतोय. मशीनच्या स्टॉलपाशी जेवढी गर्दी तेवढी पोस्टरपाशी कधीच नसते, आणि खरं काम तर पोस्टरवरच असतं, कारण तिथे एखादी एकटी थेरपिस्ट तिच्या अकरा रुग्णांचं जसं झालं तसं मांडते, काय चुकलं तेही सांगते.

आणि घट्ट पाण्याबद्दल, मोजमाप नीट करा इथपर्यंत मान्य. पण हल्ली घट्ट पाणीच वाईट असा सूर निघतोय तो मला धोक्याचा वाटतो.

रवाळ

@कडेकडेने, सर, वाईट आहे असं मी म्हणणार नाही. व्हिडिओ एक्स-रेवर बेरियम (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) गिळताना बघितलं तर पातळ पाणी श्वासनलिकेत जाणारे कितीतरी जण घट्ट केलेलं पाणी व्यवस्थित गिळतात, ते डोळ्यांनी दिसतं. प्रश्न त्याच्या पुढचा आहे, की त्याने न्यूमोनिया टळतो का. २००८ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, डिमेन्शिया किंवा पार्किन्सन्स असलेले ५१५ जण, तीन महिने. काहींना हनुवटी छातीकडे घेऊन साधं पाणी प्यायला सांगितलं, काहींना घट्ट पाणी दिलं. न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक आला नाही, आणि घट्ट पाण्याच्या गटांत शरीरातलं पाणी कमी होण्याचे प्रकार जास्त दिसले. म्हणजे आपण एक धोका टाळायला जातो आणि माणूस पाणी पिणंच कमी करतो.

दुसरं म्हणजे सुझन लँगमोर, ज्यांनी १९८८ मध्ये नाकातून दुर्बीण घालून गिळणं तपासायची पद्धत पहिल्यांदा मांडली, त्यांच्याच १९९८ च्या कामात न्यूमोनिया कोणाला होतो याचं उत्तर नुसतं "ज्याला गिळता येत नाही त्याला" असं आलं नव्हतं. भरवण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं, किडलेले दात, तोंड साफ करायला दुसरं कोणी लागणं, ही कारणं वरची निघाली. मी माझ्या चिठ्ठीवर घट्ट पाणी दरवेळी लिहिते, दात घासून द्या हे किती वेळा लिहिलं? हाताच्या बोटांवर मोजण्याएवढं.

म्हणून नुसत्या ठसक्यावरून, तपासणी न करता, कायमचं घट्ट पाणी लिहून देणं बंद. आणि रुग्णाला न विचारता तर नाहीच.

कडेकडेने

हे असं मांडलंत तर माझा विरोध नाही. फक्त घरच्यांनी हे वाचून आपल्या मनाने पावडर बंद करू नये एवढं वर मोठ्या अक्षरात लिहा. ज्यांना दिलंय त्यांनी आपल्या थेरपिस्टशी आधी बोलावं.

रवाळ

अगदी बरोबर. स्वतःहून बंद करू नका, कृपया.

निळीशाई

मी शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या परिषदेला पहिल्यांदा जाणार, पोस्टर पाठवायचं ठरवलंय. एक विचारायचं होतं. आमच्याकडे क्लिनिकमध्ये र, ळ, स न येणाऱ्या मुलांना अजूनही शिट्ट्या फुंकायला, मेणबत्ती विझवायला, फुगे फुगवायला, जीभ वर-खाली करायला देतात, अर्धा तास त्यातच जातो. मी विचारलं तर म्हणाले स्नायू मजबूत होतात. पण आमच्या पुस्तकात वेगळंच आहे. परिषदेत यावर काही होतं का?

रवाळ

@निळीशाई, मुद्दाम वेगळं सत्र नव्हतं, कारण संशोधनात हा वाद बऱ्यापैकी मिटलेला आहे, क्लिनिकमध्येच तो पोचायचाय. बोलायला स्नायूंची ताकद फार थोडी लागते. लागतं ते अचूक, वेगवान, वेळेवर हलणं. ते बोलूनच येतं. स यायला हवा असेल तर स म्हणावा लागतो, आधी सुटा, मग अक्षरात, शब्दात, वाक्यात, आणि भरपूर वेळा. शिट्टी वाजवून मूल शिट्टी छान वाजवायला शिकतं. तू तुझ्या एका तासात मुलाने तो आवाज किती वेळा काढला ते नुसतं मोज, खूण करत जा कागदावर. शिट्टीवाल्या तासात आणि बिनशिट्टीच्या तासात जो फरक येईल तेच तुझं पोस्टर.

निळीशाई

बाप रे, हे खरंच करता येईल. मोजते. मनापासून आभार.

पारंबी

मी थेरपिस्ट नाही, पालक आहे, चालेल ना इथे? मुलगा पावणेपाच वर्षांचा, गेलं वर्षभर अडखळतो, "म म म मला" असं, कधी कधी शब्द अडकतो आणि डोळे घट्ट मिटतो. जिथे दाखवलं तिथे सांगितलं की लक्ष देऊ नका, त्याला जाणवू देऊ नका, आपोआप जातं. आम्ही वर्षभर घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गेल्या आठवड्यात तो स्वतः म्हणाला, आई माझं तोंड बिघडलंय का. मला काय बोलावं ते सुचेना. मी नुसतं त्याला जवळ घेतलं.

रवाळ

@पारंबी, चालेल म्हणजे काय, तुमच्यासाठीच तर आहे. जवळ घेतलंत ते बरोबरच केलंत.

ही "जाणवू देऊ नका" ची शिकवण कुठून आली ते सांगते. अमेरिकेत वेंडेल जॉन्सन म्हणून या विषयातले मोठे अभ्यासक होते, स्वतः अडखळत. त्यांचं म्हणणं असं की तोतरेपणा मुलाच्या तोंडात सुरू होत नाही, आईवडिलांच्या कानात सुरू होतो, म्हणजे मोठ्यांनी नाव ठेवलं की मूल अडखळायला लागतं. १९३९ मध्ये त्यांच्या देखरेखीखाली आयोवात अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला, त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुम्ही तोतरं बोलता. ती मुलं तोतरी झाली नाहीत, पण बोलायला कचरायला लागली, गप्प झाली. विद्यापीठाने २००१ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आज आपल्याला माहीत आहे की अडखळण्याचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आणि बऱ्याच अंशी आनुवंशिकतेत आहे, आईवडिलांनी केलेलं नाही. पण तो जुना सल्ला मात्र तसाच फिरत राहिला.

शाळेत जायच्या आधीच्या वयात बरीच मुलं आपोआप सावरतात हे खरं आहे. पण वर्ष उलटलंय, डोळे मिटतायत, त्याला स्वतःला कळतंय, म्हणजे थांबायची वेळ संपली. सिडनीत तयार झालेला लिडकंब नावाचा कार्यक्रम आहे, त्यात पालकच रोज थोडा वेळ मुलाशी बोलतात, न अडखळता आलं की तसं मोकळेपणाने सांगतात, अधूनमधून अडखळलेलंही हळुवार दाखवतात, म्हणजे विषय झाकून ठेवत नाहीत. न्यूझीलंडमध्ये ५४ मुलांवर त्याची चाचणी झाली, २००५ ला छापली. नऊ महिन्यांनी लिडकंबच्या मुलांचं अडखळणं शंभर अक्षरांमागे सरासरी १.५ वर आलं, बाकीच्यांचं ३.९. नंतर नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर लिडकंब आणि मुलाच्या भोवतीचा बोलण्याचा ताण कमी करणारी दुसरी पद्धत यांची तुलना झाली, दीड वर्षाने दोन्हींत ठोस फरक दिसला नाही. म्हणजे पद्धत ही घ्या नाहीतर ती, सुरू करा.

आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्या. "तोंड अजिबात बिघडलेलं नाही, कधी कधी शब्द अडकतात, बऱ्याच जणांचे अडकतात, तू सावकाश सांग, मी ऐकतेय." एवढं पुरे.

पारंबी

हे वाक्य मी लिहून घेतलं. उद्याच वेळ घेते.

अनुस्वार

मी चाळिशीत आहे आणि अडखळतो. आणि योगायोग असा की रवाळताई ज्या परिषदेबद्दल लिहितायत तिथे मी बोललो होतो, दुसऱ्या दिवशी सकाळी, अडखळणाऱ्या मोठ्या माणसांच्या चर्चेत.

पारंबीताई, तुमच्या मुलाने प्रश्न विचारला ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मी सोळा वर्षांचा होईपर्यंत घरात तो शब्दच कोणी काढला नाही, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की हे काहीतरी इतकं वाईट आहे की नावसुद्धा घेत नाहीत.

परिषदेचं एक सांगतो. वक्त्यांना आधी मेल येतो, बारा मिनिटं, दहाव्याला पिवळा दिवा, बाराव्याला लाल आणि घंटा. सगळ्यांना तोच नियम. मी कळवलं की माझं बारा मिनिटांचं भाषण कधी अकरा मिनिटांत होतं कधी एकोणीस, आणि समोर दिवा दिसला की नक्कीच एकोणीस. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं संपलं. मग ज्या सत्राध्यक्ष होत्या त्यांचा फोन आला, म्हणाल्या त्या सत्रात दिवा लावणार नाही, चार वक्त्यांऐवजी तीन ठेवते, तुम्ही बोला. हॉलमध्ये गेलो तर टेबलावर दिव्याची पेटी होती पण तिची वायर काढून गुंडाळून शेजारी ठेवलेली. मी बोलताना दोनदा त्या गुंडाळीकडे बघितलं. सतरा मिनिटं लागली. कोणी घड्याळ बघितलं नाही.

थेरपीत मला लहानपणापासून न अडखळता बोलायला शिकवलं, हळू, ताणून, श्वास घेऊन. खोलीत जमायचं, बाहेर पडलं की जायचं, आणि ते गेलं की माझीच चूक. आता जी थेरपिस्ट आहे तिने पहिल्याच दिवशी विचारलं की अडखळण्यामुळे तू काय करायचं सोडलंयस. त्याची यादी केली. फोन उचलणं पहिलं होतं. आज मी फोन उचलतो, अडखळत उचलतो.

रवाळ

@अनुस्वार दादा, मी त्या हॉलमध्ये होते, डाव्या बाजूला. वायर माझ्या लक्षात आली नव्हती. आता कळलं.

तिसरामजला

माझी भर. शाळेत काम करते. माझ्या बंद यादीत दोन गोष्टी. एक, मूल उशिरा बोलतंय म्हणून "घरात एकच भाषा बोला, शाळेचीच बोला" असं सांगणं. दोन भाषांमुळे भाषेचा दोष होत नाही, ज्याला दोष आहे त्याला तो दोन्ही भाषांत दिसतो. घरची भाषा काढून घेतली की मूल आजीशी बोलायचं थांबतं आणि दोष तिथेच राहतो. दुसरं, चित्रांचा बोर्ड किंवा बोलणारा टॅब "शेवटचा उपाय" म्हणून राखून ठेवणं. पालकांना भीती असते की हातात टॅब दिला की तोंडाने बोलणार नाही. २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एक आढावा निघाला होता, त्यात एकाही व्यक्तीचं बोलणं त्यामुळे कमी झालेलं आढळलं नाही, बहुतेकांचं थोडं का होईना वाढलं.

कडेकडेने

तिसरामजला यांना अनुमोदन. फक्त हात धरून टाईप करवून घेणं यात मिसळू नका, ते वेगळं. तिथे शब्द मदतनिसाचे असतात हे पुन्हा पुन्हा सिद्ध झालंय, अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेने, आशाने, २०१८ मध्ये ते वापरू नका असं जाहीर केलंय.

माझ्या बंद यादीतलं एक लिहितो, म्हणजे मी नुसतीच टीका करतो असं नको. पार्किन्सन्सवाल्यांना आठवड्यातून एकदा बोलावून थोडा श्वास, थोडा उच्चार, थोडं वाचन असं जे मी द्यायचो ते. २०२४ मध्ये ब्रिटनमधली ३८८ जणांची चाचणी आली. मोठ्याने बोलण्याचा जो कार्यक्रम आहे, एलएसव्हीटी, आठवड्यात चार वेळा, चार आठवडे, साधारण तासभर, त्याचा उपयोग दिसला. नेहमीची थोडी थोडी थेरपी आणि काहीच न करणं यांत मात्र फरक दिसला नाही. ते वाचून त्रास झाला. पंधरा-वीस वर्षांत किती जणांना मी तसं दिलं असेल.

दुपारचीवेळ

वडिलांना सात महिन्यांपूर्वी स्ट्रोक झाला, अफेजिया आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा अडलीय. समजतं बरंचसं पण बोलता येत नाही, एकच शब्द येतो, "तेच". पाणी हवं तरी तेच, दुखतंय तरी तेच. पण जुनं गाणं लावलं की अख्खं कडवं शब्दांसकट म्हणतात. आम्हाला कळत नाही की गाता येतं तर बोलता का येत नाही. आत्याला वाटतं ते मनावर घेत नाहीत.

रवाळ

@दुपारचीवेळ, मनावर न घेण्याचा काहीही संबंध नाही, आत्यांना हे वाचून दाखवा. १८६१ मध्ये पॉल ब्रोकांनी ज्या रुग्णावरून मेंदूतली बोलण्याची जागा दाखवली त्याला फक्त "तां" म्हणता यायचं, इस्पितळात त्याचं नावच तां पडलं होतं. तुमच्या बाबांचं "तेच" त्याच जातीचं. गाणं हे पाठ असलेलं असतं, ताल त्याला ओढत नेतो. नवं वाक्य जुळवणं ही वेगळी क्रिया. १९७३ मध्ये याच्यावरूनच सूर-तालात वाक्य म्हणायला शिकवायची थेरपी मांडली गेली, काही जणांना तिचा फायदा होतो, तुमच्या थेरपिस्टला जरूर विचारा.

आणि आता माझ्या यादीतलं शेवटचं लिहिते, जे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी एका अफेजिया असलेल्या गृहस्थांचं सत्र होतं, आधी इंजिनिअर होते. पडद्यावर फक्त फोटो. बायको शेजारी खुर्चीवर, हात मांडीवर, गप्प. सुरुवातीला त्यांनी खिशातून एक कार्ड काढून वर धरलं, तेच पडद्यावरही दाखवलं: "मला अफेजिया आहे. बुद्धी शाबूत आहे. वेळ द्या." पाचवा-सहावा फोटो आला, नदीवरचं काम चालू असलेलं. ते म्हणाले "मी... हा... मी बांधला... रस्ता... नाही... रस्ता नाही..." आणि थांबले. हॉलभर थेरपिस्ट बसलेले. मी दुसऱ्या रांगेत होते आणि मी "पूल" म्हणाले. फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल इतकं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तळहात पुढे केला, थांब असा. रागावले नव्हते. मग परत फोटोकडे वळले. बराच वेळ गेला, माझ्या मागे कोणाची तरी खुर्ची करकरली तेवढा आवाज. आणि ते म्हणाले, "खांब. खांब... बांधला."

पूल त्यांनी बांधलाच नव्हता. त्यांनी खांब बांधले होते. मी त्यांना चुकीचा शब्द पुरवत होते आणि ते दमलेले असते, भिडस्त असते, तर त्यांनी माझा पूल घेतला असता, मान डोलावली असती आणि मी माझ्या कागदावर "इशारा दिल्यावर योग्य शब्द" अशी नोंद केली असती. चौदा वर्षांत अशा किती नोंदी असतील.

तर ते बंद. मागितल्याशिवाय शब्द देणं बंद.

कडेकडेने

हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. उद्या सकाळी दहाला माझ्याकडे एक बाई आहेत, दीड वर्ष अफेजिया. बघतो.

दुपारचीवेळ

रवाळताई, काल रात्री लिहिणार होतो पण राहिलं. झोपायच्या वेळी बाबा "तेच, तेच" करत होते. एरवी आम्ही तिघं मिळून विचारत सुटतो, पाणी का, पंखा का, गोळी का, आणि ते चिडून भिंतीकडे तोंड करतात. काल सगळ्यांना बाहेर काढलं आणि खुर्ची ओढून बसलो. ते दोनदा तेच म्हणाले. मग "ख..." आणि मान हलवली, नाही अशी. मग हात उशीवर आपटला आणि "उ" म्हणाले. नुसतं उ. मी तरीही काही बोललो नाही. मग "उशी". सात महिन्यांत तेच सोडून पहिला शब्द. उशी उंच होती, काढून दुसरी दिली.

ते कार्ड आम्हाला करायचंय. केवढं करावं? आणि त्यावर काय लिहायचं हे मी ठरवू की त्यांना विचारू?

रवाळ

त्यांनाच विचारा. तीन-चार वाक्यं वेगवेगळ्या कागदांवर मोठ्या अक्षरांत लिहा, एकावेळी दोन समोर ठेवा, ते बोट ठेवतील ते घ्या. घाई असेल तेव्हा नको, सकाळी करा. आकार शर्टाच्या खिशात मावेल एवढा, आणि ज्या हाताने काढता येईल त्या बाजूचा खिसा बघा आधी.